'सप्तरंग'मधली दिपा

पिसं डोक्यात टोचत होती. दिपाने हात वर नेला तशी मनिषा म्हणाली, "हलवू नकोस गं, पिना निघतील."

पनवेलच्या या कॉलेजात 'सप्तरंग' या मुलींच्या ग्रुपमध्ये शिरणं सोपं नव्हतं. अकरा जणी, सगळ्या जमीनवाल्यांच्या नाहीतर बिल्डरांच्या घरच्या. दिपा कातकरी वाडीतली. तीन आठवड्यांपूर्वी मनिषाने तिला स्वतःहून ग्रुपमध्ये घेतलं, तेव्हा ती रात्रभर झोपली नव्हती. आज कॉलेजात तपासणी समिती यायची होती, आणि समितीच्या फॉर्मात 'ग्रुपमध्ये सर्व समाजांच्या विद्यार्थिनी आहेत का?' असा रकाना होता, हे दिपाला सकाळीच कळलं.

बाकीच्या नऊवारीत. तिच्यासाठी भाड्याने आणलेला पानांचा घागरा. पानं प्लॅस्टिकची.

"आमच्यात असं कोनी घालत नाय," दिपा म्हणाली.

"समितीला काय कळतंय! दहा मिनिटांचं काम आहे." मग आरशात बघत मनिषाने सहज विचारलं, "बुधा यंदा पण आमच्याच वीटभट्टीवर आहे ना?"

बुधा म्हणजे दिपाचा बाप. दिपाने घागरा घातला.

हॉलमध्ये समितीच्या मॅडम रांगेसमोरून चालत आल्या आणि तिच्यापुढेच थांबल्या. "छान! घरीसुद्धा असाच पोशाख असतो का तुमच्याकडे?"

मनिषाचा हात दिपाच्या खांद्यावर आला. बोटं रुतली. मागे भिंत, समोर मॅडम, दोन्हीकडे नऊवाऱ्या. नुसतं हो म्हटलं असतं तरी सुटली असती.

"नाय," ती म्हणाली. "माझी आय लुगडं नेसते. मी पंजाबी ड्रेस घालते. हे भाड्याचं हाय. आज तुमाला दाखवायचं होतं म्हनून मला ग्रुपमदी घेतलंय."

आता आपल्याला ग्रुपमधून काढून टाकतील, असं दिपाला वाटलं. काढू देत. तिला एकदम मोकळं वाटलं.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "किती धीट मुलगी! ग्रुपमध्ये असाच मोकळेपणा हवा." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"आमच्याकडे सगळ्यांना बोलायची मुभा आहे, मॅडम," मनिषा म्हणाली.

मॅडम पुढे गेल्या. दिपा दाराकडे वळली, तर मनिषाने तिचं मनगट धरलं. ती रागावलेली नव्हती. उलट खूश होती. दुसऱ्या हाताने तिने मोबाइल काढला.

"थांब, आपल्या पेजवर टाकू. तेच परत बोल. आणि ते 'नाय' जरा जोरात."

बाकीच्या दहा जणी भराभर बाजूला सरकल्या, मोबाइलमध्ये एकटी दिपा दिसावी म्हणून.