साठ माना

बोळिंजच्या एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये डॉ. सुरुची मानेच्या सर्वांत वरच्या दोन हाडांचा अभ्यास करत होती. जुने साठ स्कॅन उघडायचे आणि पहिलं हाड दुसऱ्यावर किती अंश वळलेलं आहे ते मोजायचं, एवढंच काम होतं.

पडताळणीसाठी पंधरा दिवसांनी तिने तीच मापं पुन्हा घेतली. साठही माना आधीच्या मापापेक्षा दोन अंशांनी जास्त वळलेल्या निघाल्या. तंत्रज्ञ अल्पेशने मोजून पाहिलं, तेव्हाही तेच आलं.

"मॅडम, मधे फाइल कोणी उघडलेलीच नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच फरक पाच अंश भरला. सुरुचीने साठांपैकी एकीच्या, अर्नाळ्याच्या भागूबाईंच्या घरी फोन लावला. तो त्यांच्या सुनेने उचलला.

"आई बऱ्या हायत. पन सकाळपासून मान वळवून बसल्यात. हाक मारली तरी इकडं बघत नाय."

"मग कुठे बघतायत?"

"तुमच्या बोळिंजच्या बाजूला."

सुरुची खुर्चीवरून उठली.

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग सून म्हणाली, "आई विचारतात, डाक्टरीनबाई उभ्या का राहिल्या?"