केबिनची खुर्ची

खेळण्यातल्या रेल्वेचा सिग्नल चौथ्यांदाही लालच राहिला. विकतचं सर्किट महाग, म्हणून तात्यांनी मोडक्या खेळण्यांतले भाग काढून ते घरीच जुळवलं होतं; पण रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये जन्मभर लिव्हर ओढलेल्या हातांना सोल्डरिंग जमेना.

“अहो, आधी तार तापवा, कथील आपसूक धरेल,” मेथी निवडत कुमुद म्हणाली.

“तुला काय कळतंय यातलं?”

“लग्नाआधी रेडिओच्या कारखान्यात दिवसाला शंभर सर्किटं जोडायचे मी.”

ती कारखान्यात जायची, एवढं तात्यांना ठाऊक होतं. तिथे काय करायची, हे चाळीस वर्षांत विचारायचं राहूनच गेलं होतं.

केबिनमधली खुर्ची त्यांनी कधी साहेबालाही दिली नव्हती. तात्या उठले. टेबलापुढची खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि विचारलं, “देठ ठेवायचे की काढायचे?”