नापास माती

"काकू, साहेबांची माती नापास झाली," असं म्हणून मेलेल्या माणसांची खतमाती करून देणाऱ्या मातीकेंद्राच्या कारकुनाने निनाद टिपणीसांचं पोतं खिडकीतून त्यांच्या बायकोकडे, केतकीबाईंकडे परत सरकवलं. "अंगात प्लास्टिकचे कण फार निघाले. ही माती झाडाला घालता येणार नाही."

शेजारी उभ्या असलेल्या नणंदेने डोळ्यांना रुमाल लावला. सोसायटीच्या बागेत दादासाठी खड्डा खणून तयार होता. तिथेच जाधवांच्या आजींच्या मातीत लावलेली जास्वंद फुलांनी लगडली होती. निनादला मात्र जास्वंद चालणार नव्हती. आपल्या मातीत वडच लावायचा, असं तो बजावून गेला होता.

केतकीबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हा माणूस जन्मभर हरित शहरावर भाषणं ठोकत हिंडला आणि प्रत्येक भाषणाला घसा ओला करायला त्याला बाटलीतलंच पाणी लागलं. नळाचं पाणी म्हणे बाधायचं. घरी आला की आधी कचऱ्याचा डबा उघडायचा. चहाच्या चोथ्यात दुधाच्या पिशवीचा एवढासा कोपरा सापडला, तरी पाहुण्यांदेखत बायकोला झापायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"मग आता दादाचं करायचं काय हो?" नणंदेने हुंदका देत विचारलं.

"घरी न्या आणि रोजच्या कचऱ्यात द्या," कारकून म्हणाला.

केतकीबाईंनी पोतं काखोटीला मारलं.

"ओल्यात टाकू की सुक्यात?" त्यांनी विचारलं. "नीट सांगा हं. ह्यांना चूक खपत नसे."