आठवा फर्मा

“थांब,” म्हातारा म्हणाला. “पुस्तक इकडे दे.”

लेकीनं उघडं पुस्तक तसंच बापाच्या हातात ठेवलं.

परवा मतदान. गेले आठ दिवस दवाखान्यातली ड्यूटी संपली की ती बापाला दोन पुस्तकं वाचून दाखवत होती, एक सत्तेतल्या पुढाऱ्याचं, एक विरोधातल्याचं. डोळे होते तोवर म्हाताऱ्यानं डोळे मिटून एकाच चिन्हाला मत दिलं, आणि आता डोळे गेल्यावर हे खूळ! दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत देणार नाही म्हणे. बरं, बूथवर सोबत जाऊन त्याच्या वतीनं बटण दाबायचं तेही लेकीनंच.

चाळीस वर्षं त्यानं पुस्तकं शिवली होती. सोळा पानांचा एक फर्मा, फर्म्याच्या मधोमध शिवणीचा दोरा. दोन्ही पुस्तकांचा रोज एकेक फर्मा, असा त्याचा हुकूम. आता त्याचा अंगठा पानांमधून दोरे चाचपत सरकला, मागे आला, पुन्हा सरकला.

“काल सात झाले. आज तू नववा वाचलास. आठवा कुठं गेला?”

“पानं चिकटली असतील, बाबा.”

“मला शिकवतेस?”

ती एकदम उसळली.

“हो, गाळला! हे विरोधातले आले तर आमच्या दवाखान्याला कुलूप लावणार आहेत. बावीस जणी घरी बसू. आणि तुम्ही इथं न्यायाधीश होऊन ऐकत बसलाय!”

“म्हणून गाळलास?”

“नाही.” तिचा आवाज खाली आला. “दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीनं वाचला तो. आमच्यासारख्याच दवाखान्यांबद्दल आहे. औषधांची कपाटं रिकामी आणि वाटपाची रजिस्टरं भरलेली. एक ओळ खोटी नाही हो त्यात. रजिस्टर मीच तर भरते.”

म्हाताऱ्यानं पुस्तक अचूक त्या पानावर उघडून तिच्यापुढे धरलं.

“वाच.”

तिनं वाचलं. मध्ये दोनदा पाणी प्यायली. सोळा पानं संपली.

“पटलं तुम्हाला?” तिनं विचारलं.

त्यानं पुस्तक मिटून उशाशी ठेवलं, दुसऱ्या पुस्तकावर.

“परवा तू तुझं मत देऊन ये. मला खालचा शिंपी नेईल.”

“शिंपी? मी रजा टाकलीये तुमच्यासाठी!” ती त्याच्या पायाशी येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते. “बाबा, तुम्ही सांगाल तेच बटण दाबेन. तुमची शपथ. त्यांचं असलं तरी दाबेन.”

म्हाताऱ्यानं चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“दाबशील गं,” तो म्हणाला. “पण ते मला कळायचं कसं?”