रेघेवरची चाल

पहिलीच्या मुलांना तोल सांभाळायला शिकवताना खेळाच्या बाई तोंडानं फारसं सांगत नसत. मैदानावर चुन्याची लांब रेघ आखायची, तिच्यावरून स्वतः चालून दाखवायचं आणि म्हणायचं, "हं, आता अगदी माझ्यासारखं." अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. धडपडी पोरंसुद्धा सहामाहीपर्यंत सरळ चालू लागत.

यंदा मात्र अख्खा वर्ग डावीकडे कलत होता. चौतीस मुलं, आणि चौतिसांचाही डावा पाय मागून फरफटत यायचा. शेजारच्या तुकडीतली, दुसऱ्या बाईंकडे शिकणारी मुलं टकाटक पावलं टाकत होती. उद्या मुख्याध्यापिका वर्ग बघायला येणार होत्या, आणि बाईंना काही केल्या कारण सापडत नव्हतं.

"अगं, पायाला दगड बांधलाय का?" त्यांनी रांगेतल्या पहिल्या मुलीला विचारलं. "नीट उचल की."

मुलगी गोंधळली. "पण बाई, तुम्ही तर असाच ओढता."

"मला तर घरीपण जमतं," मागून एकजण फुशारकीनं म्हणाला.

बाईंनी वळून रेघेकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या उजव्या बुटाचे ठसे सुटे सुटे होते. डाव्या बुटानं चुना शेवटपर्यंत पुसत नेला होता. आईनं कायमचं अंथरूण धरलं, त्याच्या आदल्या वर्षी तिचीही पावलं धुळीत अशीच उमटायची.

 

"बरं," बाई म्हणाल्या, "आजपासून माझ्याकडे बघून चालायचं नाही."