विल्फची गिऱ्हाइकं

“विल्फ कुठाय?”

दारात उभ्या असलेल्या बाईकडे न बघता म्हातारा हॅरप तिच्या पाठीमागे गल्लीत कुणाला तरी शोधत होता.

“विल्फ शिडीवरून पडलाय. खुब्याचं हाड मोडलंय,” ती म्हणाली. “यापुढे तुमच्या काचा मी पुसणार. मी हेझल.”

“बाईमाणूस?”

“काचेला काय कळतंय?”

हॅरप हसला नाही. “पूस बाई. पण विल्फसारखा माणूस होणे नाही. माझी बायको गेली तेव्हा काम आटपलं की आत येऊन बसायचा. चहा करून हातात द्यायचा. पोटच्या पोरांनी केलं नाही एवढं.”

हेझलनं बादली अशी उचलली की निम्मं पाणी पायरीवर सांडलं. पोटच्या पोरांचं हा तिला सांगत होता! ती विल्फची एकुलती एक मुलगी. ती नऊ वर्षांची असताना तो पबमधल्या एका बाईच्या मागे घर सोडून गेला. गेला म्हणजे नदीच्या पलीकडे, याच गावात. पुढे त्या बाईनंही त्याला सोडलं. पण नदी ओलांडून तो पुन्हा अलीकडे आला नाही, आणि आईच्या हट्टानं, नंतर स्वतःच्याच, हेझल पलीकडे गेली नाही.

हॉस्पिटलात त्याच्या वॉर्डातली नर्स तिची शाळेतली मैत्रीण निघाली, म्हणून तो पडल्याचं तिला कळलं. एकदा बघून यावं म्हणून ती गेली आणि त्याला घरी घेऊन आली, कारण न्यायला दुसरं कुणी नव्हतं. ती कामाला होती ती सतरंज्यांची गिरणी नुकतीच बंद पडली होती. विल्फची गिऱ्हाइकं तशीच सोडली असती तर कुणीतरी लगेच तिथं आपली शिडी लावली असती. म्हणून माणसाबरोबर तिनं शिडीही घेतली. पण मुलगी असल्याचं कोणत्याच दारात सांगायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. त्याच्या पुण्याईवर तिला एकही काच नको होती.

पुढच्या घरातली आयरीन तर बोलायची थांबेना. “अगं, काय सांगू तुला! आमच्या धाकटीला गोवर आला होता ना, तेव्हा रोज यायचा. काचा पुसायला नाही गं, नुसता. वरच्या खिडकीला शिडी लावून माकडासारखी तोंडं करायचा. पोरगी तापातही खिदळायची!”

“माझ्या गोवराच्या वेळी कुठं होता तो?” असं हेझलच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. त्या आजारात आई एकटी उशाशी बसून होती. पडदे ओढलेले होते, आणि बाहेर कुणीही शिडी लावली नव्हती. तिनं आयरीनच्या काचा इतक्या जोरानं घासल्या की चौकटी खडखडल्या.

असंच दारोदार चाललं. विल्फ असा, विल्फ तसा. विल्फ गाणी म्हणायचा, विल्फनं मांजर छपरावरून उतरवलं. नदीअलीकडे ज्याचा कधी आवाज आला नाही, तो माणूस इथं अख्ख्या गल्लीला वाटला गेला होता. आणि तिच्या वाटणीला काय आलं होतं, तर त्याची शिडी.

शेवटी मिसेस क्रॅबट्री. हेझलनं दार वाजवलं तर उत्तर आलं नाही, म्हणून तिनं खालच्या काचेला साबण लावायला घेतला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“ए बाई! कुणी सांगितलं तुला? ही विल्फची शिडी आहे. तो लाल पट्टा मी ओळखते!”

“विल्फ पडलाय. काम मी घेतलंय.”

“घेतलंय की लाटलंय? म्हातारा अंथरुणाला खिळला म्हणून कुणीही उठावं आणि त्याची गल्ली बळकावावी? पोलिसांना फोन करते, थांब!”

शेजारच्या दारांतून डोकी बाहेर आली. हेझलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लाटायला मी परकी नाही! मुलगी आहे त्याची!”

क्रॅबट्रीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग सावकाश म्हणाली, “खोटं बोलायची पण काही हद्द असते. विल्फला मूलबाळ नाही. मी स्वतः विचारलं होतं. ‘नाही’ म्हणाला तो, माझ्या तोंडावर.”

दार बंद झालं. साबण काचेवर तसाच ओघळत सोडून हेझल निघाली. शिडी खांद्यावर होती, पण शिडीचं वजन तिला जाणवत नव्हतं.

घरी विल्फ कोचावर पाय लांब करून बसला होता. समोरचा टोस्ट गार झाला होता. तिनं कोटही काढला नाही.

“क्रॅबट्री म्हणते, तुम्हाला मूलबाळ नाही.”

“तिची जीभ जरा…”

“तिची जीभ राहू दे! तुम्ही म्हणालात की नाही?”

विल्फनं मान खाली घातली. “म्हणालो.”

हातातला ओला फडका तिनं त्याच्या अंगावर फेकला. “दुसऱ्यांच्या पोरांपुढे माकडचेष्टा करत होतात! मी मेले होते? सोडून गेलात ते गेलात, वर पुसूनही टाकलंत? एवढी लाज वाटत होती माझी?”

“तुझी नाही,” तो म्हणाला. फडका त्यानं तसाच मांडीवर ठेवला. पाणी पायजम्यात झिरपत होतं.

“मुलगी आहे म्हटलं असतं, तर लोकांनी पुढचं विचारलं असतं. कशी आहे, काय करते. मला कुठं माहीत होतं?”