दारुड्याचं लिव्हर

"अहो, डॉक्टरांपुढे तरी खरं बोला. रोज पिता की नाही?" बायकोने पेंटरला कोपराने ढोसलं.

"पितो," पेंटर पडेल आवाजात म्हणाला.

डोळे पिवळे, लिव्हरला सूज. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. सरळ केस होती.

"पण दारू सोडली तर माणूस सोनं हो," बायको म्हणाली. "आधी उशिरा यायचे तेव्हा डोक्यात नको नको ते यायचं. ब्यूटी पार्लरची एवढीशी पाटी, अन् रंगवायला आठवडा? खिसे पालथे घातले, शर्ट हुंगले. कॉलरवर केस सापडला, तर तो ब्रशचा निघाला! मग एका रात्री तोंडाला वास आला. जीव भांड्यात पडला माझा."

"दारूच्या वासाने?"

"मग! बाटली फोडता येते. सवतीचं काय करणार?"

पेंटरला वॉर्डात ठेवलं. बायको खाटेला गोचिडासारखी चिकटली. भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायची. नर्स जरा बरी दिसली की थर्मामीटर स्वतःच लावायची.

दारू पूर्ण बंद. तरी पेंटरचे हात थरथरले नाहीत, झोप उडाली नाही. सूजही उतरली नाही. काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे तळहात पाहिले. लालसर डाग होते.

"हे काय?"

"टर्पेंटाइनने होतं."

"तळपायांनाही टर्पेंटाइन लावता?"

पेंटरने पाय चादरीत ओढून घेतले. बाईंनी आणखी एका तपासणीला रक्त पाठवलं.

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी बायकोला बाहेर थांबायला सांगितलं.

"ह्यांना एकटं सोडू? तुमच्याजवळ?" असं म्हणत ती कशीबशी दाराबाहेर गेली.

"सिफिलिस आहे," बाई म्हणाल्या. "गरमी म्हणतात ती. तिनेही लिव्हर सुजतं, पण दारुडा समोर असला की तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नाही. इंजेक्शनने बरी होईल. मात्र बायकोला सांगावं लागेल. तिचंही रक्त तपासायला हवं."

पेंटरने हात जोडले. "डॉक्टर, तिला सांगायला दारूच राहू द्या ना."

"ती आहेच. आता खरं सांगा, रोज किती घेत होता?"

बाहेरून बायकोचा आवाज आला. ती नर्सला सांगत होती, "पितात गं, पण परक्या बाईच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत!"

"एक थेंब नाही," पेंटर कुजबुजला. "घरात शिरायच्या आधी दारूची नुसती चूळ भरायचो."